रेंज फुल्ल, नेट गुल

लग्नात जेवायला बसले की शेजारचा माणूस हमखास माझ्या ताटावरून फोन पुढे सरकवतो. “मॅडम, हे बघा. टॉवरच्या सगळ्या दांड्या भरल्यात आणि साधा फोटो जात नाही. आता बोला!” जसा काही टॉवर मीच पर्समध्ये घालून आणलाय. डॉक्टरला लोक निदान जेवू देत असतील. मोबाइल कंपनीत जन्म काढलेल्या बाईला ती सोय नाही. निवृत्त झाले तरी नाही.

तर एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात मला मटण गरम असताना खाता येईल. त्या दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा पोचतो, एवढंच. तुमचं म्हणणं ऐकायला त्याला सवड आहे का, याचा त्या दांड्यांशी काही संबंध नाही. एखाद्या ऑफिसात साहेबाचा आवाज बाहेरच्या चिंचेपर्यंत येतो, म्हणून काय तुमचं काम झालं? त्याच्या टेबलासमोर पन्नास माणसं उभी असतात आणि तुम्ही एक्कावन्नावे. रेंज फुल्ल, नेट गुल म्हणजे हे. झालं समाधान? होत नाही कोणाचं. “पण मॅडम, दांड्या तर भरल्यात!” पुन्हा तेच.

माझं माहेर वसईतल्या गिरीजचं, सासर भुईगावचं. दोन्हीकडे केळीच्या वाड्या, दोन्हीकडे अरुंद गल्ल्या, आणि दोन्हीकडे लोक शांत. मीच एक अशी, की मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्यामुळे ऑफिसात बसायची नोकरी मिळाली असती तर मी चार दिवसांत वेडी झाले असते. देवाने माझ्यासाठी बरोबर काम शोधलं. दिवसभर गाडीतून हिंडायचं आणि कुठे नेटवर्क आहे, कुठे नाही, ते मोजायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर तीन-चार फोन चिकटवलेले, मांडीवर लॅपटॉप, छतावर छोटी अँटेना. ते फोन आपले आपण कॉल लावत राहतात, तोडत राहतात. आपण पडद्यावर बघायचं की कुठल्या वळणावर कुठल्या टॉवरने हात सोडला आणि पुढच्याने धरला की नाही.

गाडी चालवायचा हरेश्वर. अर्नाळ्याचा. डोक्यावर कायम टोपी, तोंडात कायम काहीतरी मत. सकाळी तो मला घ्यायला यायचा तेव्हा माझी सायली शाळेच्या आधीच्या वयाची होती. तिला गाडीत मागे बसवायचं आणि दोन गल्ल्या पलीकडे मार्थाबायकडे सोडायचं, हा आमच्या कामाचा पहिला टप्पा. मार्थाबाय माझ्या नात्याची ना गोत्याची. लाल लुगडं नेसणारी, पडवीत कायम काहीतरी निवडत बसलेली बाई. तिचा मुलगा नेल्सन सायलीहून बराच मोठा, तो पुढे बोटीवर नोकरीला गेला. सायलीने पहिला घास तिथे खाल्ला, पहिलं वाक्य तिथे बोलली, आणि घरी आल्यावर माझ्याशी मार्थाबायच्या बोलीत बोलायची. ती बोली इथे लिहून दाखवण्यात अर्थ नाही, ती कानानेच ऐकायची असते. मला ऐकायला तेव्हा वेळ नव्हता, हे मात्र लिहिते.

आम्हाला लोक काय काय समजायचे! कोणी पोलिओवाले, कोणी गॅसच्या पाइपवाले. एकदा एका वाडीपाशी गाडी अडवली. रस्त्यासाठी जमीन मोजायला आलेत, असं कोणीतरी उठवलं होतं, आणि आमच्याकडे जमिनीवरून लोक किती पेटतात ते वसईकराला सांगायला नको. बायका पुढे, पुरुष मागे. मी जीव तोडून सांगतेय की आम्ही मोबाइलवाले, कोणी ऐकेना. शेवटी हरेश्वर खाली उतरला आणि म्हणाला, “जमीन नाय मोजत आमी, हवा मोजतो. हवेचा सातबारा हाय का कोनाकडे? असंल तर दाखवा, आत्ता परत जातो.” लोक हसले आणि वाट मोकळी झाली. तेवढ्यात एका आजीने विचारून घेतलं, “माझ्या मागच्या खोलीत रेंज कधी येणार?”

पुढे फोन स्मार्ट झाले आणि आमचं काम अवघड. पूर्वी एक फोन, एक कंपनी, एक टॉवर. आता एकाच फोनसमोर दोन सिमं, चार-पाच प्रकारच्या लहरी आणि घरचं वाय-फाय एवढी स्थळं उभी. यातलं कोणतं निवडायचं? आणि तेच स्थळ शेजारच्या दोनशे फोनांनी निवडलं तर? कंपनीने आम्हाला हे शिकवायला एका प्राध्यापकांना बोलावलं. ते म्हणाले, यासाठी गणिताची एक शाखा आहे, ‘गेम थिअरी’. खेळाचा सिद्धांत. प्रत्येक जण आपल्या फायद्याची चाल खेळतो, आणि माझी चाल चांगली की वाईट हे बाकीच्यांनी काय केलं त्यावर ठरतं. संध्याकाळी हरेश्वरने विचारलं, आज काय शिकलात? मी म्हटलं, खेळ. तो म्हणाला, “चांगलंय. आमाला खेलल्याबद्दल बापाने मारला, तुमाला पगार देतात.”

त्याला मी पावाचं उदाहरण दिलं, तेच तुम्हाला देते. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की सगळी माणसं पाव घ्यायला निघतात. रस्त्याच्या दोन टोकांना दोन दुकानं. एकाकडे रांग दिसली की माणूस दुसऱ्याकडे वळतो. शहाणपणाचंच आहे. पण सगळेच शहाणे एकदम वळले तर? दुसरीकडे झुंबड आणि पहिला दुकानदार माशा मारतोय. मग ते पाहून सगळे परत इकडे. पाव दोन्हीकडे भरपूर आणि लोक रस्त्यावर पळतायत. फोन अगदी असेच असतात. माणसांपेक्षा वाईट, कारण त्यांना पळायचा कंटाळाही येत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते निर्मळच्या जत्रेत. देवळाच्या परिसरात माणूस मावत नाही, पाळणे, भांडी, सुकवलेल्या केळ्यांची, म्हणजे सुकेळ्यांची दुकानं. आम्ही दोन टॉवरांच्या मध्ये गाडी लावून बसलो होतो. त्या वर्षी यंत्रणेत नवीन हुशारी घातली होती. एका टॉवरवर गर्दी झाली की फोनांना हुकूम जायचा, दुसऱ्याकडे जा. हुकूम सगळ्यांना एकाच क्षणी. झालं! डावीकडचा टॉवर रिकामा, उजवीकडचा गच्च. मग उलट हुकूम. उजवा रिकामा, डावा गच्च. माझ्या पडद्यावर दोन रेघा वर-खाली, वर-खाली. इकडे लोक एकमेकांना शोधतायत, एकाची बायको हरवलेली, एकाचा बाप हरवलेला, आणि कॉल लागतोय न लागतोय तोच तुटतोय. हरेश्वर सुकेळं चघळत पडद्याकडे बघत होता. म्हणाला, “म्याडम, ह्ये तर तो मोठा पालना झाला. इकडचे वर, तिकडचे खाली. फिरले सगले, पन पोचला कोनच नाय.”

मी तिथूनच वरच्या ऑफिसला फोन केला आणि भांडले. भांडणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग होता, आणि ते मला चांगलं जमायचं. त्यांना म्हटलं, ही हुशारी बंद करा आणि फोनांना जरा आळशी बनवा. खूप मोठा फायदा असेल तरच जागा सोडायची, थोडक्यासाठी नाही. आणि सोडण्याआधी थांबायचं, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ, नशिबाने येईल तेवढा. म्हणजे पहिले थोडे हलतील, तेवढ्याने गर्दी कमी होईल, आणि बाकीचे म्हणतील, बरं चाललंय इथे, कशाला हला. प्राध्यापक याला समतोल म्हणायचे. आपण एकट्याने जागा बदलून आपला काही फायदा नाही, असं ज्या घडीला प्रत्येकाला वाटतं, ती घडी. दुसऱ्या दिवशी रेघा शांत झाल्या. हरवलेला बाप सापडला की नाही ते कळलं नाही.

पण समतोल म्हणजे सुख नव्हे. लोक इथेच फसतात. सगळे मिळून खड्ड्यात बसलेत आणि एकट्याने बाहेर पडायला कोणी तयार नाही, हाही समतोलच. याचा नमुना मला माझ्या माहेरी मिळाला. गिरीजला दोन सख्खे भाऊ, मध्ये एक भिंत, बोलणं बंद. थोरल्याची तक्रार अशी की घरात शिरलं की फोन तुटतो. गेले, पाहिलं. घरात शिरला की त्याचा फोन टॉवर सोडून घरचं वाय-फाय धरायचा, आणि वाय-फाय भिंतीपलीकडच्या धाकट्याच्या वाय-फायने झोपवलेलं. दोघांनी एकाच वाटेवर यंत्रं लावलेली. धाकट्याने मोठी अँटेना आणली म्हणून थोरल्याने त्याहून मोठी आणली, म्हणून धाकट्याने अजून मोठी. एकाच खोलीत दोन माणसं एकमेकांवर ओरडत बसावीत तसं. दोघेही शहाणे, दोघेही बुडालेले.

थोरल्याला म्हटलं, यंत्राची ताकद कमी करा. “आधी त्याला सांगा.” भिंतीला वळसा घालून धाकट्याकडे गेले. “तो करू दे आधी, मग मी करीन.” पुन्हा थोरल्याकडे. दुसऱ्या फेरीला माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी काय पोस्टमन आहे तुमचा? मग मी सरळ थोरल्याला सांगितलं, धाकट्याने कमी केलं. आणि धाकट्याला सांगितलं, थोरल्याने केलं. दोघांनी मुकाट केलं. फोन असे खणखणीत लागायला लागले की दोघांनी वेगवेगळे माझे आभार मानले आणि वेगवेगळे केळीचे फणे दिले. प्राध्यापकांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात भाऊ नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे येते. मघापासून टाळतेय.

निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून मी एक काम धरलं होतं. तीन कंपन्यांची सिमं घालायचा एक डबा येतो. तिन्हींपैकी कुठलं नेटवर्क त्या क्षणी बरं आहे ते तो ठरवतो आणि त्यावरून व्हिडिओ पाठवतो. आमच्याकडे घरटी एखादा माणूस बाहेरदेशी किंवा बोटीवर, त्यामुळे लग्नं, सणाच्या मिस्सा, मयतं, सगळं लाइव्ह दाखवायचं. त्याला हा डबा लागतो. डबे बसवायचे, त्यांची निवड करायची पद्धत ठाकठीक करायची, हे माझं काम.

मागच्या वर्षी मार्थाबाय गेली. आजारी होतीच. नेल्सन तेव्हा भर समुद्रात, कुठलंही बंदर जवळ नाही, यायचा प्रश्नच नव्हता. त्याचा बोटीवरून फोन आला. आवाज अडकत अडकत येत होता. “आंटी, मला रेकॉर्डिंग नकोय. रेकॉर्डिंग सगळे पाठवतील. मला आईशी बोलायचंय, पेटी खाली जायच्या आधी. कॅप्टनने अर्धा तास नेट दिलंय, त्यानंतर नाही. तुम्ही कराल ना? तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?” मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आहे. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या लोकांना म्हटलंय की तोंडातून आपोआप निघतं.

सायली कॅनडात असते. तीही रडत होती. “मम्मी, मला पण बघायचंय. शेवटपर्यंत.” मयताची वेळ म्हणजे तिच्याकडे पहाट. तिला म्हटलं, तुझं वेगळं करते, थेट माझ्या फोनवरून. माझ्याकडे नोकरीतला एक जुना तपासणीचा फोन आहे. त्यावर आपण नेटवर्कची नेमकी लेन, म्हणजे लहरींचा पट्टा, ठरवून देऊ शकतो, जिथे साधे फोन सहसा फिरकत नाहीत. भुईगावात अशी एक लेन रिकामी असते. अरुंद आहे, एक व्हिडिओ जेमतेम जाईल, पण जाईल. ती मी सायलीसाठी ठेवली. नेल्सनसाठी माझा तीन सिमांचा डबा होताच. आदल्या दिवशी कबरस्थानात जाऊन तपासलं. तिन्ही नेटवर्क फुल्ल, व्हिडिओ काचेसारखा स्वच्छ. मी निर्धास्त झाले.

माझ्यासारख्या बाईने निर्धास्त व्हावं? आदल्या दिवशी तिथे माणसंच नव्हती!

दुपारनंतर मयत निघालं आणि सगळा गाव लोटला. मार्थाबायने किती पोरं सांभाळली होती ते मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे पद्धत अशी की मयताला आलेला माणूस आपल्या बाहेरच्या माणसाला विसरत नाही. याची बहीण दुबईला, तिचा मुलगा लंडनला, हिची सून ऑस्ट्रेलियात. “तिला पण बायचा चेहरा दिसू दे” म्हणून प्रत्येकाने व्हिडिओ कॉल लावलेला. कोणाला दोष द्यायचा? मायेपोटीच ना? पेटीभोवती बघावं तिकडे उंच धरलेले हात. शंभर फोनांवरून शंभर देशांत एकच मार्थाबाय चाललेली, आणि त्यामुळे एकही धड जात नव्हती. सगळ्यांचे चेहरे गोठलेले. कोणीही फोन ठेवत नव्हतं, कारण आपण ठेवला तरी बाकीचे थोडेच ठेवणार?

स्टँडवर टॅबलेट, शेजारी स्पीकर आणि माइक, खाली माझा डबा. नेल्सनचा चेहरा एकदा आला. डोळे सुजलेले, नारिंगी कामाचे कपडे. “आई...” म्हणाला आणि तुकडे तुकडे होऊन गेला. डब्याने पहिलं नेटवर्क सोडून दुसरं धरलं. ते भरलेलं. तिसरं धरलं. तेही. परत पहिलं. माझ्या हातची, मी शिकवलेली निवड, आणि निवडायला चांगलं काही उरलंच नव्हतं. फादरांची प्रार्थना चालू. नेल्सनचा अर्धा तास चालू.

मी फादरांच्या कानाशी गेले. त्या भल्या माणसाने प्रार्थना थांबवून सांगितलं, नेल्सनला आईशी बोलायचंय, कृपा करून सगळ्यांनी आपापले फोन बंद करावेत. लोकांनी माना डोलावल्या. हात खाली आले. मी डब्याकडे पाहिलं. काही फरक नाही. कोणीही कॉल कापला नव्हता! फोन छातीशी धरले होते, पदराआड घेतले होते, खिशात उभे ठेवले होते. प्रत्येकाला वाटत होतं, माझ्या एकट्याच्याने काय होतंय.

मग माझा तोल गेला. मयतात ओरडू नये हे कळतं मला, तरी ओरडले. “अहो बंद करा ना! त्याची आई आहे ती! एक दिवस तुमच्या माणसांनी नंतर बघितलं तर काय बिघडतं?”

समोर मार्थाबायच्या वयाची एक म्हातारी उभी होती. तिच्या हातात फोन नव्हताच. तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू म्हणाली, “आधी तुझा बंद कर, बाय.”

माझ्या हातात सायली होती. सगळ्या कबरस्थानात एकटी सायली स्वच्छ दिसत होती, आवाजासकट. तिने सगळं ऐकलं होतं. खरं म्हणजे म्हातारीने सांगायच्या आधी मला माहीत असायला हवं होतं. माझ्या फोनवरची लेन मी वाय-फायने डब्याला देऊ शकत होते. तीन सिमांऐवजी चौथी वाट. पण त्या वाटेत एकच माणूस मावत होता, आणि तिथे माझी मुलगी उभी होती.

“मम्मी,” ती म्हणाली, “मम्मी थांब ना, पेटी अजून...”

मी कापला.

डब्याला फोन जोडला. पासवर्ड दोनदा चुकला. अर्नाळ्याहून मयताला आलेला हरेश्वर शेजारी येऊन उभा राहिला होता, टोपी काढून. त्याने स्पीकर उचलून पेटीच्या उशाशी धरला. डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला आणि नेल्सनचा आवाज आला, अखंड, जणू तो गर्दीतच कुठेतरी उभा आहे. तो आईशी घरच्या बोलीत बोलला. काय बोलला ते त्याचं आहे. गावातले गडी ढसाढसा रडत होते असं नंतर लोकांनी सांगितलं. त्याचं बोलणं सुरू झाल्यावर लोकांनी खरंच फोन कापले म्हणे, एकापाठोपाठ एक. त्याचा अर्धा तास संपेपर्यंत दिवा हिरवा राहिला.

दुसऱ्या दिवशी गावाने माझं कौतुक केलं. नेल्सनचा मेसेज आला, तो मी अजून जपून ठेवलाय. सायलीचा काहीच आला नाही. मी फोन केला तर उचलला नाही. बऱ्याच दिवसांनी उचलला तेव्हा मी बावळटासारखं तिला समजवायला लागले. बघ, लेन एकच होती, तो मुलगा, तू शेजारची, सगळ्यांचा मिळून विचार केला तर... तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “मम्मी, तुझं गणित बरोबर आहे. तुझं नेहमीच बरोबर असतं. लहानपणी पण कुठेतरी नेटवर्क गेलेलं असायचं आणि सगळ्यांसाठी तुला जावं लागायचं. त्या सगळ्यांत मी कधी होते का गं?”

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी काय हौसेने कापला? मग राग गेला आणि नुसतंच टोचत राहिलं, अजून टोचतं. दर रविवारी ती फोन करते. जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, आहे. आवाज स्वच्छ.

या मे महिन्यात ती आली. चार दिवस मार्थाबायचं नाव कोणीच काढलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मी कैऱ्या चिरत होते आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू कापल्यानंतर काय झालं, सांग ना. बायला खाली ठेवलं तेव्हा. कोणी पहिली माती टाकली? तिच्या हातात रोझरी होती का?”

मी सुरी खाली ठेवली. आठवायला लागले. आणि मला काही आठवेना. हिरवा दिवा आठवला. डब्यावरचे आकडे आठवले. फोनची बॅटरी किती उरली होती तेही आठवलं. पेटी खाली जाताना मी तिथे हातभर अंतरावर होते, आणि मी पाहिलंच नव्हतं.

“सायली, मला माहीत नाही गं,” मी म्हटलं. “मी डब्याकडे बघत होते.”

ती वळली. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ती एवढंच म्हणाली, “म्हणजे तू पण नाही पाहिलंस.” आणि रडायला लागली. मीही. कैऱ्यांचे हात तसेच.

मग तिनेच नेल्सनला फोन लावला. त्याची बोट तेव्हा बंदरात होती. त्या दिवशी हजारो मैलांवर होता तो, आणि आमच्यापैकी ते सगळं पाहिलेला तोच एक. सायली म्हणाली, नेल्सनदादा, सगळं सांग. तो सांगत गेला. रोझरी होती, जुनी, काळ्या मण्यांची. वाऱ्याने एक हार सरकला तो कोणीतरी नीट केला. पहिली मूठ काकाची. मग घरातली माणसं, मग सांभाळलेली पोरं, एकेक करून.

“आणि तो आंटींचा ड्रायव्हर होता ना, टोपी हातात धरलेला, तो आला,” नेल्सन म्हणाला. “एक मूठ टाकली, क्रॉस नाही केला, नुसते हात जोडले. बाजूला झाला. मग परत आला, वाकला, आणि अजून एक मूठ उचलली. मला वाटलं, यांना पद्धत माहीत नसेल. पण माइक तिथेच होता, मला ऐकू आलं. टाकताना म्हणाला, ‘ही आमच्या सायलीची.’”

हे हरेश्वरने मला कधीच सांगितलं नव्हतं.

नेल्सनला थँक यू म्हणून सायलीने फोन ठेवला, नळाखाली तोंड धुतलं, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि म्हणाली, “चल, अर्नाळ्याला जाऊ. मी चालवते.”